भाऊ क्रिस्टल घेतो हे कळलंय. जबरदस्तीने व्यसनमुक्ती केंद्रात टाकावं का?

अश्विनी_नाशिक

नमस्कार. ओळखीच्या माणसांत बोलायची सोय नाही, म्हणून इथे लिहितेय.

माझा धाकटा भाऊ, वय २६. ऐरोलीला कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करतो, दोघा-तिघांबरोबर भाड्याच्या खोलीत राहतो. मागच्या आठवड्यात रूममेटचा फोन आला, ‘ताई, याला घरी घेऊन जा, आता आमच्याच्याने होत नाही.’ बाबा आणि मी जाऊन घेऊन आलो.

बघून धस्स झालं. गालफडं बसलीत, ओठ फुटलेत, दात सारखे एकमेकांवर घासतो, शेजारच्या खोलीत आवाज येतो. घरी आल्यापासून डोळ्याला डोळा नाही. परवा मध्यरात्री स्टुलावर चढून हॉलमधला पंखा खोलत होता, म्हणे त्यात कॅमेरा बसवलाय. खिडक्यांना आतून पेपर चिकटवलेत. समोरच्या काकूंनी गच्चीत लाल चादर वाळत घातली तर म्हणाला, ‘बघ, त्यांना खूण केली.’ कोण ‘ते’, ते सांगत नाही. डाव्या हातावर नखाने कोरून कोरून जखमा केल्यात, कातडीखाली काहीतरी वळवळतं म्हणतो.

बॅगेत झिपची इवलीशी पुडी सापडली, आत पांढरे पारदर्शक खडे, आणि टोकाला फुगा असलेली काचेची नळी. विचारल्यावर म्हणाला, क्रिस्टल आहे, रात्रपाळीला जागं राहायला सगळेच घेतात, तू उगाच बाऊ करू नकोस.

आई म्हणते बाहेरचं काहीतरी आहे, तिने एकाकडून अंगारा आणला. बाबांना बीपी, ते नुसते बसून असतात. मामांनी एका केंद्राचा नंबर दिला. ते म्हणाले, पत्ता पाठवा, रात्री चार माणसं गाडी घेऊन येतील, झोपेत उचलू. सहा महिने भेट नाही, फोन नाही, तीन महिन्यांचे पैसे आगाऊ. घरात सगळे जवळजवळ तयार झालेत. माझंच मन होत नाहीये.

हे वेड आहे की नशा? यावर काही गोळी असते का? त्या केंद्राला हो म्हणू का? आणि ती पुडी घरात आहे, पोलिसांचं काय? जे माहीत असेल ते स्पष्ट सांगा.

---

रानवारा

ताई, संगत तोडा. गावाकडे पाठवून द्या, शेतात राबला की अंगातली नशा घामावाटे जाते. माझा चुलतभाऊ दारूतून असाच सुटला. जमलं तर लग्नाचंही बघा, जबाबदारी पडली की पोरं ताळ्यावर येतात.

---

मंगल_सिस्टर

अश्विनी, मी मनोविकार विभागात परिचारिका होते, शेवटची बरीच वर्षं व्यसनमुक्तीच्या वॉर्डात गेली. तुला अगं-तुगं करते, चालेल ना.

आधी आजची रात्र बघू. अंग भाजल्यासारखं गरम लागत असेल, छातीत दुखत असेल, एक हात किंवा पाय लुळा पडत असेल, जीभ जड झाली असेल, फिट आली, किंवा मरायच्या गोष्टी करत असेल, तर विचार करत बसू नकोस, १०८ ला फोन कर. क्रिस्टल म्हणजे मेथअँफेटामिन, थोडक्यात मेथ. त्याने हृदयाचे ठोके आणि रक्तदाब एकदम चढतात. पंचविशीतल्या मुलांना यातून मेंदूत रक्तस्राव झालेला, हृदय कमकुवत झालेलं मी पाहिलंय. हा ताप क्रोसिनने उतरत नाही, कारण तो जंतूंचा ताप नाही, शरीर आतूनच तापलेलं असतं. ओल्या कापडाने अंग पुसत, पंख्याखाली ठेवून दवाखाना गाठायचा. आणि काहीही झालं तरी खाटेला बांधू नका. बांधलेला माणूस सुटायला धडपडतो, त्यात अंग आणखी तापतं, स्नायू झिजून मूत्रपिंडावर ताण येतो.

यातलं काही नसेल तरी उद्या सकाळी त्याला सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत ने. तोवर घरात टीव्ही बंद, पाहुणे बंद. त्याच्याजवळ एकाच माणसाने बसायचं, तुझ्याशी बोलत असेल तर तूच बस. त्याच्या आणि दाराच्या मधे बसू नकोस. विळी, सुऱ्या, आणि बाबांच्या गोळ्यांचा डबा आत ठेवून दे. पाणी, लिंबू सरबत, पेज, जे घेईल ते थोडं थोडं दे. घरातली झोपेची गोळी मात्र देऊ नकोस. त्याने वर आणखी काय घेतलंय हे आपल्याला ठाऊक नसतं. उतरवायला म्हणून ही मुलं दारू आणि झोपेच्या गोळ्याही घेतात.

पंख्यात कॅमेरा नाही हे पटवून देत बसू नकोस. हो, आहे, असंही म्हणू नकोस. मी वॉर्डात म्हणायचे, ‘मला काही दिसत नाहीये, पण तू घाबरलायस हे दिसतंय. मी इथेच आहे.’ एवढंच. आवाज खाली ठेवायचा. पेपर चिकटवलेत तर राहू देत चिकटवलेले.

आता तुझा पहिला प्रश्न. या नशेतून भ्रम होतात, ते अगदी स्किझोफ्रेनियासारखे दिसतात. कुणीतरी पाळत ठेवतंय, कातडीखाली किडे आहेत, ही याची ठरलेली लक्षणं. झोप लागली आणि माल थांबला की बहुतेकांचे भ्रम काही दिवसांत, फार तर दोनेक आठवड्यांत ओसरतात. काहींचे ओसरत नाहीत. ते का, हे डॉक्टरांनाच तपासावं लागतं. म्हणून हे नशेचं की मूळचं मनाचं, हा निकाल आज घरात लावू नका. आईचा अंगारा लावायचा तर लावू दे, त्याच्याशी भांडण नको. फक्त त्यापायी दवाखाना लांबणीवर पडायला नको.

एक गोष्ट आत्ताच ध्यानात ठेव, कारण इथे बहुतेक घरं फसतात. अंमल उतरला की तो मेल्यासारखा झोपेल, एक-दोन दिवससुद्धा. उठेल तो भुकेला, पोळ्यांवर पोळ्या खाईल. घरचे म्हणतील, आला बाई माणसात. आणि मग तो पार खचेल. कशातच रस नाही, चिडचिड, रडणं, जगून काय करू. दारू अचानक बंद केली तर शरीराला धोका असतो, फिट येतात. मेथ बंद केल्यावरचा त्रास शरीराला तसा मारत नाही, पण मनाला मारतो. या दिवसांत आत्महत्येची भीती खरी असते. त्याला एकटं झोपवू नका, बाथरूमची कडी काढून ठेवा.

असं का होतं ते सांगते, म्हणजे तो आळशीपणा करतोय असं बाबांना वाटणार नाही. आपल्याला बरं वाटतं त्यात डोपामिन नावाच्या रसायनाचा मोठा वाटा. मेंदू ते जपून सोडतो. मेथ ते सगळं एकदम बाहेर काढतं आणि परत आत जाऊ देत नाही. विहिरीला मोटर लावून तळ दिसेपर्यंत उपसा केला तर पुढचे दिवस घागर बुडेल एवढंही पाणी नसतं, तसं होतं ते. त्यात हा पदार्थ शरीरात रेंगाळणारा. कोकेनचं रक्तातलं प्रमाण तासाभरात निम्म्यावर येतं, मेथला त्यासाठी दहा-बारा तास लागतात. म्हणून एका ओढीत रात्र निघते, आणि म्हणूनच रात्रपाळीवाल्यांना ते सोयीचं वाटतं. हे नवीन नाही. जपानमध्ये १८९३ साली हे पहिल्यांदा तयार झालं, १९१९ मध्ये त्याचे स्फटिक केले गेले. दुसऱ्या महायुद्धात तिथे सैनिकांना आणि कारखान्यातल्या कामगारांना जागं ठेवायला याच्याच गोळ्या दिल्या. युद्ध संपलं तरी माणसं त्यातून सुटेनात, म्हणून १९५१ मध्ये कडक कायदा करावा लागला. जर्मनीतही १९३८ पासून ही गोळी दुकानात मिळत होती. ‘जागं राहायला घेतो’ हे तुझ्या भावाचं वाक्य तेव्हापासूनचं आहे.

लघवीच्या तपासणीबद्दल. केमिस्टकडच्या पट्टीवर मेथ साधारण दोन ते चार दिवस दिसतं. पण मुंबई-पुण्यात जास्त फिरतं ते एमडी, म्हणजे मेफेड्रोन. तो वेगळा पदार्थ, आणि साध्या पट्टीवर तो सहसा दिसतच नाही. मुलांना आपण नेमकं काय ओढतोय हे पुष्कळदा माहीत नसतं. तेव्हा पट्टी कोरी आली म्हणून निर्धास्त होऊ नकोस. उलट सर्दीच्या काही गोळ्यांनीही पट्टी चुकीची ‘हो’ म्हणते, म्हणून नुसत्या पट्टीवर त्याला चोरही ठरवू नकोस.

गोळी आहे का? ब्राउन शुगरवाल्यांना पर्यायी औषध असतं, जिभेखाली ठेवायची गोळी घेऊन माणूस कामाला जाऊ शकतो. मेथला तसं औषध आजतरी नाही. २०२१ मध्ये नाल्ट्रेक्सोनचं इंजेक्शन आणि ब्युप्रोपिऑनच्या गोळ्या एकत्र देऊन अमेरिकेत ४०३ जणांवर अभ्यास झाला. औषधवाल्यांपैकी १३.६ टक्क्यांना गुण आला, दिसायला तसंच पण आत औषध नसलेलं घेणाऱ्यांपैकी २.५ टक्क्यांना. म्हणजे काहींना उपयोग होतो, सगळ्यांना नाही. डॉक्टर जे देतील ते भ्रमासाठी, झोपेसाठी, खचलेपणासाठी असेल. तेही गरजेचंच आहे, बंद करू नका. पण ‘मेथ सोडवायची गोळी’ म्हणून कुणी काही विकत असेल तर पैसे घालवू नका. चहातून गुपचूप द्यायची पुडी तर मुळीच नको.

उपयोग कशाचा होतो? नियमित समुपदेशन, आठवड्यातून दोनदा-तीनदा, काही महिने. कुठल्या वेळी, कुणाबरोबर, कशाने तलफ येते ते उलगडून त्या वेळेला दुसरं काय करायचं हे शिकवणं. आणि सगळ्यात चांगला पुरावा ज्याचा आहे ते ऐकायला साधं वाटेल. लघवी स्वच्छ आली की लगेच, त्याच दिवशी, छोटं बक्षीस, आणि सलग स्वच्छ येत गेली की बक्षीस वाढवत न्यायचं. आमच्या वॉर्डातल्या समुपदेशक बाई कँटीनचं कूपन द्यायच्या. नातेवाईक नाक मुरडायचे, ‘नशा केली नाही म्हणून बक्षीस?’ अहो, ज्या मेंदूला कशातच आनंद मिळत नाही त्याला आज, आत्ता काहीतरी मिळायला हवं. सहा महिन्यांनी मिळणारी इज्जत त्याला दिसतच नाही. घरी करायचं तर रोख पैसे देऊ नका, वस्तू द्या, आणि ठरलेलं बक्षीस रागाच्या भरात अडवू नका.

आता ते केंद्र. अश्विनी, तुझं मन होत नाहीये ते बरोबर आहे. ज्याला आधीच वाटतंय की माणसं आपल्याला न्यायला येणार, त्याच्या घरी रात्री अनोळखी चार माणसं पाठवायची आणि त्याला झोपेतून उचलायचं? त्याचा भ्रम तुम्ही स्वतःच्या हाताने खरा करून दाखवाल. त्यानंतर तो तुझ्या हातचं पाणी तरी घेईल का? कोंडून ठेवून नशा अंगातून जातेच, ती तशीही आठवड्याभरात जाते. खरं काम त्यानंतर सुरू होतं आणि ते त्याच्या मर्जीशिवाय होत नाही. कुठलंही केंद्र बघताना मी तीन गोष्टी विचारीन. मनोविकारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा प्रत्यक्ष येतात? घरच्यांना कधी भेटता येतं? आणि डिस्चार्जनंतर काय? तिसऱ्या प्रश्नाला जो ‘मग तो बरा झालेला असेल’ म्हणेल त्याला पैसे देऊ नका. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून चालू आहे, तिथे पाठपुराव्यावर आणि कुटुंबावर भर असतो. सरकारी मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरीला आहेत. नुसतं विचारायचं असेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन फुकट आहे, आणि मनाच्या तक्रारींसाठी टेलिमानस, १४४१६. मराठीत बोलतात.

रानवारा, तुमचा चुलतभाऊ सुटला, आनंद आहे. पण या मुलाचे ठोके आज कुठे असतील सांगता येत नाही, त्याला उन्हात राबायला पाठवू नका. आणि लग्नाचं म्हणाल तर, ज्या मुलीशी लावाल ती कुणाची तरी लेक आहे. ती औषध नाही.

---

अश्विनी_नाशिक

सिस्टर, तुमचं वाचून त्या केंद्राला ‘नाही’ म्हणून कळवलं. मामा चिडलेत, चिडू देत.

सकाळी तो यायला तयार नव्हता. मी कॅमेऱ्याचा विषयच काढला नाही. म्हटलं, हाताच्या जखमा चिघळल्यात, ड्रेसिंग करून येऊ. त्यासाठी लगेच आला. केसपेपर काढताना डॉक्टरांना वेगळं गाठून सगळं खरं सांगितलं. बीपी, ईसीजी, रक्त, लघवी, सगळं केलं. बीपी खूपच जास्त होतं, म्हणून ॲडमिट करून घेतलं. इंजेक्शननंतर पहिल्यांदा झोपला. आई उशाशी बसून आहे. तुम्ही लिहिलं तसंच झालं, उठला आणि दोन डबे जेवला. आज सकाळपासून भिंतीकडे तोंड करून पडलाय. ‘ताई, मला सोडून दे’ एवढंच म्हणतो. त्याला एकटं सोडलेलं नाही.

पंख्याबद्दल स्वतःच विचारलं, ‘मी खरंच खोलला होता का?’

आता दोन काळज्या. त्या पुडीचं काय करायचं? दवाखान्यातून पोलिसांना कळवतात का? आणि तो म्हणतो बरं वाटलं की परत ऐरोलीला जाणार, नोकरी जाईल म्हणून.

---

ॲडव्होकेट_दे

कायद्यापुरतं सांगतो. तुमच्या गावातल्या वकिलाला एकदा कागद दाखवाच.

एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा, १९८५ चा. त्यात सेवन हाही गुन्हा आहे, कलम २७. मेथअँफेटामिनसाठी २ ग्रॅमपेक्षा कमी ती अल्प मात्रा धरतात, ५० ग्रॅमच्या वर व्यापारी मात्रा. व्यापारी मात्रेला किमान १० वर्षं शिक्षा आहे, त्यामुळे कुणी ‘माझं पाकीट तुझ्याकडे ठेव’ म्हटलं तर त्याचा अर्थ काय होतो हे भावाला शांत डोक्याने असताना सांगा. पण याच कायद्यात कलम ६४ अ आहे. सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल तर तिच्यावर खटला चालवला जात नाही. अट एकच, उपचार अर्धवट सोडायचे नाहीत. म्हणून केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, फॉलोअपच्या चिठ्ठ्या, सगळं एका फाइलमध्ये जपा.

डॉक्टरांकडे जी माहिती देता ती गोपनीय असते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये तसा हक्कच दिलाय, आणि दारू-अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक त्रास त्या कायद्यात येतात. पुडी पुरावा म्हणून जपून ठेवायची किंवा डॉक्टरांना दाखवायला खिशातून न्यायची गरज नाही. तपासणीला लघवी-रक्त पुरतं. ती घरात ठेवणं हाच तुमच्या सगळ्यांच्या दृष्टीने धोका आहे, आजच स्थानिक वकिलाशी बोला.

त्या केंद्राबद्दल. मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणे रुग्णाच्या संमतीशिवाय भरती करायची तर मनोविकारतज्ज्ञासह दोघांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं, आणि ती भरती सुरुवातीला जास्तीत जास्त ३० दिवसांपुरती असते. ‘सहा महिने’ असं आधीच कुणी ठरवू शकत नाही. साखळीने बांधायला कलम ९५ प्रमाणे मनाई आहे. भेटायचा आणि फोनवर बोलायचा हक्क कलम २६ मध्ये आहे. फोन नाही, भेट नाही असं जे केंद्र उघडपणे सांगतं, ते आत काय करत असेल याचा अंदाज करा.

---

पुन्हा_उभा

वकीलसाहेब, अंदाज नको, मी आत होतो. नाव घेत नाही. वडिलांनी असंच उचलून टाकलं होतं. पहाटे उठवून गार पाणी ओतायचे, नियम मोडला की पट्टा. बाहेर आलो त्याच संध्याकाळी माल घेतला, आणि तो तलफ म्हणून घेतला नाही, वडिलांवरच्या रागाने घेतला. सुटलो तो पुढे, दुसऱ्या ठिकाणी, जिथे मला कुणीतरी नाव विचारून बसवून घेतलं.

अश्विनीताई, भाऊ परत त्या खोलीवर जाणार असेल तर त्यावर मला बोलायचंय. मीही मेथवर होतो, अंधेरीला, एडिटिंगचं काम, रात्र-रात्र. तलफ कशी येते ते बाहेरच्याला सांगून पटत नाही. लायटरचा नुसता टक आवाज आला तरी माझ्या तोंडाला कोरड पडायची, पोटात गोळा यायचा, बाथरूमला धावावं लागायचं. काचेची बरणी धुताना हात थांबायचे. पगाराच्या मेसेजचा टोन ऐकला की पाय आपोआप स्टेशनकडे. त्या खोलीत त्याला हे सगळं चोवीस तास आहे. खोली सोडायलाच हवी. सामान आणायला त्याला नेऊ नका, तुम्ही किंवा बाबा जा. सिमकार्ड बदला, आणि ते त्याच्या हाताने बदलू द्या, तुम्ही हिसकावून नको. माल फोनवरूनच येतो, पैसे फोनवरूनच जातात. मी माझा पगार बहिणीच्या खात्यावर वळता केला होता, तिच्याकडून रोज लागतील तेवढेच घ्यायचो. ते मी स्वतः सुचवलं होतं म्हणून टिकलं.

नोकरीचं म्हणाल तर डॉक्टरांकडून वैद्यकीय रजेचं पत्र घ्या, त्यावर व्यसनाचा उल्लेख असायलाच हवा असं काही नसतं. नंतर दिवसपाळी मिळते का विचारा. नाही मिळाली तर ती नोकरी गेलेली परवडली. मी हे सहज लिहीत नाहीये, माझी गेली होती आणि घरचे हप्ते थकले होते.

पहिले काही महिने फार कंटाळवाणे असतात. आईने केलेली पुरणपोळी खाल्ली तर गोड लागली, पण आवडली नाही. मित्राने मॅच लावली, सिक्स गेला, सगळे ओरडले आणि मी नुसता बघत बसलो. वाटायचं, असंच राहणार असेल तर सोडलं कशाला. हे कुणी मला आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून त्याला सांगा की हे असं होतं आणि हळूहळू जातं. माझ्या बाबतीत पहिल्यांदा लक्षात आलं ते पावसात. गाडीवरून भिजत येत होतो आणि मोठ्याने गाणं म्हणतोय हे सिग्नलला थांबल्यावर कळलं.

एनएच्या मीटिंगला नेऊन बघा, नार्कोटिक्स ॲनॉनिमस. फी नाही, नाव लिहून घेत नाहीत. मुंबई-पुण्यात असतात, ऑनलाइनही चालतात. तिथे आपल्यासारखीच माणसं बोलतात, उपदेश करत नाहीत. सगळ्यांना जमतं असं नाही, पण दोन-तीनदा बसून मग ठरवावं.

आणि स्लिप झाली, म्हणजे सोडल्यावर परत एकदा घेतलं तर? होऊ शकते. मला झाली. त्या दिवशी बहिणीने विचारलं, ‘कुणाबरोबर होतास, किती वाजता तलफ आली?’ ओरडली नाही. मी खरं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी आम्ही ओपीडीत गेलो. घरी खरं बोलता आलं की स्लिप एका दिवसावर थांबते. लपवावं लागलं की तिचे महिने होतात.

---

रानवारा

सिस्टर, लग्नाचं मी लिहायला नको होतं. ताई, भावाला लवकर आराम पडो. आमच्याकडे द्राक्षाच्या हंगामात रात्री पॅकिंगला जाणारी पोरंही हल्ली काहीतरी घेतात असं ऐकतो, त्यांच्यावर लक्ष ठेवतो.

---

अश्विनी_नाशिक

‘पुन्हा उभा’ दादा, तुमचं लिहिलेलं मी त्याला वाचून दाखवलं. पुरणपोळीचं ऐकून तो पहिल्यांदा माझ्याकडे वळला. म्हणाला, ‘हा खरंच घेणारा होता.’ तुमच्याशी फोनवर बोलायची त्याची तयारी आहे, तुमची हरकत नसेल तर मला व्यक्तिगत निरोप करा. खोली सोडायला अजून हो म्हणाला नाही.

पुडीबद्दल बाबा इथल्या वकिलांना भेटून आले, ते मार्गी लागेल.

सिस्टर, शेवटचं विचारते. सोमवारी डिस्चार्ज देतील असं वाटतंय. बाबा त्याच्याशी बोलतच नाहीत. आणि त्याचा मेंदू पहिल्यासारखा होईल का? त्याला आत्ता मोबाइलचा पिनसुद्धा आठवत नव्हता.

---

मंगल_सिस्टर

अश्विनी, ड्रेसिंगच्या निमित्ताने नेलंस ते फार चांगलं केलंस. जखम तर खरीच होती, त्यात फसवणूक नाही.

मेंदूचं विचारलंस. २००१ मध्ये अमेरिकेत नोरा वोल्को यांच्या गटाने मेथ सोडलेल्या काही जणांचे मेंदू स्कॅन करून पाहिले. आधी डोपामिनच्या जागा बऱ्याच घटलेल्या होत्या. वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ माल न घेतल्यावर त्या पुष्कळशा भरून आल्या. माणसं मोजकी पाचच होती, आणि आठवण, हातांची चपळाई त्या मानाने सुधारली नव्हती. म्हणजे भरून येतं, पण वेळ लागतो आणि सगळं एकदम येत नाही. पिन आत्ता आठवत नाही याचा धसका घेऊ नका, तो किती रात्री झोपलेला नव्हता ते बघा. बँकेचे व्यवहार, मोठे निर्णय, गाडी चालवणं सध्या नको.

सोमवारी डिस्चार्ज घ्यायच्या आधी चार गोष्टी तिथेच करून घे. पुढच्या भेटीची तारीख आठवड्याच्या आतली माग, ‘गरज वाटली तर या’ वर समाधान मानू नकोस. एचआयव्ही आणि काविळीच्या बी, सी तपासण्या झाल्या नसतील तर करायला सांग. या नशेत मुलं सुईही वापरतात आणि जे एरवी करणार नाहीत तेही करतात. त्याला एकट्याला डॉक्टरांशी बोलू दे, तू बाहेर थांब. ईसीजी परत कधी काढायचा ते लिहून घे. आणि दातांच्या डॉक्टरांची वेळ ठरव. तोंड कोरडं पडून आणि घासून दात आतून किडतात, दुखायला लागलं की उतारा म्हणून पुन्हा तिकडेच हात जातो.

बाबांना बोलायला भाग पाडू नकोस. त्यांना काम दे. आमच्याकडे असे पुष्कळ वडील यायचे, समुपदेशनात तोंडातून शब्द निघायचा नाही, पण रोज संध्याकाळी मुलाला घेऊन चालायला जा म्हटलं की जायचे. दोघं गप्प चालत. चालू देत. व्यायामाने झोप सुधारते, संध्याकाळची तलफेची वेळही निघते. बीपीच्या गोळ्या वेळेवर घेताहेत ना तेवढं बघ.

खोलीबद्दल आत्ता वाद घालू नका. त्याला म्हण, महिन्याचं भाडं आपण भरू, सामान तिथेच राहू दे, महिन्याने ठरवू. तोवर त्या दादांशी त्याचं दोन-चारदा बोलणं होईल.

आणि तू स्वतः जेवतेस का? रात्री आईबरोबर पाळी लाव, एकीने बारापर्यंत, दुसरीने पुढे. डिस्चार्ज कार्डवरच्या औषधांची नावं नीट वाचता आली नाहीत तर इथे विचार, मी रोज रात्री बघते.